गरोदर बाईचं वजन आणि तिची धास्ती

गाव असो की शहर, गरोदर बाई तपासणीला आली की पहिली गाठ वजनकाट्याशी पडते. चपला काढा, सरळ उभ्या राहा. सिस्टर आकडा बघते, माता-बाल संरक्षण कार्डावर लिहिते आणि पुष्कळदा रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगतेही. मग रक्तदाब, हिमोग्लोबिन, लघवीची तपासणी, पोट. झोप लागते का, मनात कसली धास्ती आहे का, हे प्रश्न या क्रमात सहसा येतच नाहीत. वजन महिन्याच्या महिन्याला नोंदवलं जातं आणि मनाबद्दल कुणी विचारत नाही. त्यामुळे जाड बाई दिसली की ‘हिला टेन्शन असणार’ आणि बारीक बाई दिसली की ‘ही खात नाही’ असे निष्कर्ष डोळ्यांनीच काढले जातात.

आईचं वजन आणि तिची चिंता यांचं नातं काय, यावर गेल्या दोन दशकांत बरंच संशोधन झालं आहे. ते एकत्र ठेवून पाहिलं की तीन गोष्टी दिसतात. नातं आहे, पण आपण समजतो तेवढं घट्ट नाही. ते दोन्ही दिशांनी चालतं. आणि काट्यावरच्या आकड्याइतकंच, त्या आकड्यावरून बाईला कसं वागवलं जातं याचंही त्यात स्थान आहे.

आकडे किती बोलतात

या विषयावरचा सर्वाधिक उद्धृत होणारा आढावा एमा मॉलिनो आणि लंडनमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांचा, 2014 सालचा. त्यात 62 अभ्यास आणि 5 लाख 40 हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती एकत्र केली होती. गरोदरपणाआधी लठ्ठ असलेल्या स्त्रियांमध्ये गरोदरपणातलं नैराश्य आढळण्याचं गुणोत्तर (ऑड्स रेशो) सामान्य वजनाच्या स्त्रियांच्या तुलनेत 1.43 निघालं, बाळंतपणानंतरच्या नैराश्याचं 1.30. गरोदरपणातल्या चिंतेसाठी हे गुणोत्तर 1.41 होतं. ज्यांचं वजन थोडंच जास्त होतं त्यांच्यात नैराश्याचा धागा अधिक बारीक होता. वजन वाढत जाईल तसा त्रास थोडाथोडा वाढतो, असा चढ इथे दिसतो.

1.41 ऐकायला मोठं वाटतं. हिशेब मांडून पाहू. सामान्य वजनाच्या शंभर गरोदर स्त्रियांपैकी वीस जणींना लक्षणीय चिंता आहे असं धरलं, तर या गुणोत्तराने लठ्ठ स्त्रियांमध्ये ती संख्या सुमारे सव्वीस होते (हे गुणोत्तर थेट टक्क्यांचं नसून त्रास असलेल्या आणि नसलेल्या स्त्रियांच्या प्रमाणाचं आहे, म्हणून वीसला 1.41 ने गुणून चालत नाही). फरक सहा जणींचा. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही. पण समोर बसलेल्या एका बाईबद्दल त्यातून काही ठरवता येत नाही, कारण लठ्ठ स्त्रियांपैकी चौऱ्याहत्तर जणींना तसा त्रास नाही आणि सामान्य वजनाच्या वीस जणींना आहे. वजन पाहून चिंता ओळखू पाहणारा डॉक्टर दोन्हीकडे चुकतो. जिला त्रास नाही तिच्यावर तो त्रास चिकटवतो आणि जिला आहे तिला तशीच घरी पाठवतो.

दुसरी लक्षात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे गरोदर नसलेल्या माणसांमध्येही लठ्ठपणा आणि चिंताविकार यांचा संबंध जवळपास एवढाच आढळतो. 2010 मध्ये गॅरिपी आणि सहकाऱ्यांनी केलेल्या आढाव्यात हे गुणोत्तर 1.4 होतं. म्हणजे हे नातं गरोदरपणात नव्याने जन्माला येतं असं म्हणता येत नाही. बऱ्याच जणींच्या बाबतीत ते आधीपासून सोबत असतं आणि तपासणीच्या निमित्ताने पहिल्यांदा कुणाच्या तरी नजरेस पडतं.

कोणती चिंता?

चिंता हा एकच मापाचा प्रकार नाही. एक असते सर्वसाधारण चिंता, कशाचीही, सतत, आवरता न येणारी. दुसरी गरोदरपणापुरती, म्हणजे बाळ नीट आहे ना, हलतंय ना, रिपोर्टात काय निघेल. तिसरी बाळंतपणाची भीती. कळा सोसवतील का, टाके पडतील का, सिझेरियन होईल का? ही भीती काहींच्या बाबतीत इतकी तीव्र होते की त्या मूलच नको म्हणतात.

या प्रत्येकीसाठी वेगळ्या प्रश्नावल्या आहेत. सर्वसाधारण चिंतेसाठी स्पीलबर्गर यांची चाळीस विधानांची चाचणी जुनी आणि सर्वत्र वापरली जाणारी. तिची निम्मी विधानं या घडीच्या मनःस्थितीबद्दल आणि निम्मी स्वभावाबद्दल असतात. बाळंतपणाच्या भीतीसाठी स्वीडनमध्ये विय्मा दांपत्याने 33 प्रश्नांची वेगळी प्रश्नावली केली. नैराश्यासाठी 1987 मध्ये तयार झालेली एडिनबर्गची दहा प्रश्नांची प्रश्नावली भारतातही वापरली जाते, आणि तिच्यातले तिसरा, चौथा व पाचवा हे प्रश्न प्रत्यक्षात चिंतेचे आहेत. विनाकारण स्वतःला दोष देणं, विनाकारण काळजी आणि विनाकारण घाबरणं, अशा तीन गोष्टी त्यांत विचारलेल्या आहेत.

सर्वसाधारण चिंता आणि आईचं वजन यांचा धागा बऱ्याच अभ्यासांत दिसतो. बाळंतपणाच्या भीतीचे अभ्यास थोडे आहेत आणि त्यांचे निष्कर्ष एका दिशेने जात नाहीत. हे तर्काला धरूनच आहे. कळांची भीती ज्या गोष्टींवर ठरते, म्हणजे आधीच्या बाळंतपणाचा अनुभव, घरातल्या बायकांनी सांगितलेल्या गोष्टी, सोबतीला कोण असणार, त्यांत वजनाचा संबंध असलाच तर आडवाटेने असतो.

मोजण्यात एक खाचही आहे. छाती धडधडणं, धाप लागणं, झोप मोडणं, थकवा ही चिंतेची लक्षणं म्हणून काही चाचण्यांत मोजली जातात. आठव्या महिन्यातल्या कुठल्याही बाईला ती होतात आणि वजन जास्त असेल तर अधिकच होतात. शरीराचा भार मनाच्या खात्यात जमा होतो आणि नातं फुगून दिसतं. एडिनबर्ग प्रश्नावलीचे कर्ते या धोक्याबद्दल सावध होते, म्हणून त्यांनी थकवा-भूक यांसारखी शारीरिक लक्षणं बाहेर ठेवली.

एकूण गरोदर स्त्रियांमध्ये चिंता किती सर्वसामान्य आहे, हेही इथे नोंदवायला हवं. 34 देशांतल्या 102 अभ्यासांचा 2017 सालचा आढावा सांगतो की पहिल्या तिमाहीत सुमारे 18 टक्के आणि शेवटच्या तिमाहीत जवळपास 25 टक्के स्त्रिया चिंतेची लक्षणं सांगतात. दिवस भरत येतात तशी धास्ती वाढते, वजन काहीही असो.

वजनाकडून चिंतेकडे

वजनामुळे चिंता कशी वाढते, याची पहिली वाट वैद्यकीय जोखमीची आहे. जास्त वजनासोबत गरोदरपणातला मधुमेह, रक्तदाब, सिझेरियन यांची शक्यता वाढते, हे खरंच आहे. सोनोग्राफीत पोटाच्या चरबीमुळे चित्र अस्पष्ट येतं, मग ‘परत या, नीट दिसत नाही’ असं सांगितलं जातं. त्या आठवड्याभरात बाईच्या डोक्यात काय चालतं याचा विचार करायला हवा. न दिसलेल्या गोष्टीचा अर्थ ती ‘काहीतरी दडलंय’ असा लावते.

साखरेची तपासणी हे याचं जवळचं उदाहरण. भारतात 75 ग्रॅम ग्लुकोजचं पाणी प्यायला देऊन दोन तासांनी रक्त घेतात, आणि साखर 140 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त निघाली की गरोदरपणातला मधुमेह ठरतो. त्या क्षणापासून बाईचं रोजचं ताट बदलतं. भात किती, आंबा खायचा की नाही, बोटाला टोचून किती वेळा बघायचं. डोहाळजेवणाच्या ताटातलं काय घ्यायचं हाही प्रश्न. बेल्जियममध्ये लठ्ठ गरोदर स्त्रियांवर झालेल्या एका प्रयोगात, ज्यांना हा मधुमेह झाला त्यांची चिंता गरोदरपणाच्या शेवटी इतरांपेक्षा स्पष्टपणे जास्त होती.

दुसरी वाट लाजेची. इंग्लंड, स्वीडन आणि ऑस्ट्रेलियात लठ्ठ गरोदर स्त्रियांशी सविस्तर बोलून केलेले अभ्यास आहेत. त्यांत पुन्हा पुन्हा येतो तो अपमान. रक्तदाबाचा पट्टा हाताला पुरत नाही, सोनोग्राफी करणारी व्यक्ती सुस्कारा टाकते, प्रत्येक तक्रारीचं उत्तर ‘वजन कमी करायला हवं होतं’ असं मिळतं. काही जणी मग तपासणीच टाळू लागतात. टाळलेली तपासणी म्हणजे उशिरा सापडलेला रक्तदाब, आणि तेव्हा भीती खरी ठरते. इथे वजन, वागणूक आणि चिंता यांची साखळी पूर्ण होते. तिची मधली कडी मात्र दवाखान्याच्या हातात असते.

बाळंतपणानंतर ही साखळी पुढे चालते. वजन जास्त असलेल्या आयांमध्ये दूध उतरायला उशीर लागण्याचं प्रमाण जास्त असतं. बाळाच्या चोखण्याला प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचा प्रतिसाद पहिल्या आठवड्यात त्यांच्यात कमी दिसतो. आपल्याकडे दुसऱ्या दिवशीच ‘दूध नाही का गं तुला?’ असा प्रश्न खोलीत शिरतो, आणि मग अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाटलीचं दूध असा घाईचा क्रम लागतो. दूध एकदोन दिवस उशिरा येऊ शकतं आणि तोवर बाळाला वरचेवर छातीशी धरणं हाच उपाय आहे, हे कुणी शांतपणे सांगितलं तर या चिंतेतली बरीच निघून जाते.

शरीराच्या आतली वाटही आहे. चरबीच्या पेशी शरीरात हलकीशी, रेंगाळणारी दाहाची स्थिती ठेवतात, आणि कॉर्टिसोल या ताणाच्या संप्रेरकाची घडी बिघडू शकते. या प्रक्रियांचा मनःस्थितीशी संबंध आहे. पण गरोदरपणात ही सगळी संप्रेरकं मुळातच वरखाली होत असतात, त्यामुळे एका प्रक्रियेचा वाटा दुसरीपासून वेगळा काढणं अवघड जातं.

चिंतेकडून वजनाकडे

उलटी वाटही तेवढीच वापरातली आहे. नैराश्याबाबत हे चांगलं तपासलं गेलंय. 2010 मध्ये लुपिनो आणि सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केलेले अभ्यास एकत्र केले, तेव्हा लठ्ठपणामुळे पुढे नैराश्य येण्याची आणि नैराश्यामुळे पुढे लठ्ठपणा येण्याची शक्यता जवळपास सारखीच वाढलेली निघाली. घाबरलेलं, झोप न झालेलं माणूस कधी जास्त खातं, कधी चालणं बंद करतं, तर कधी त्याची भूकच मरते.

आपल्या उपखंडात या वाटेला एक स्थानिक वळण आहे. मानवशास्त्रज्ञ मार्क आणि मिमी निक्टर यांनी 1983 मध्ये कर्नाटकातल्या दक्षिण कॅनरा भागातल्या गरोदर स्त्रियांच्या खाण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. जास्त खाल्लं तर बाळ मोठं होईल, अडेल, बाळंतपण जड जाईल, या समजुतीतून काही स्त्रिया मुद्दाम कमी खात. दक्षिण आशियात इतर ठिकाणीही हा प्रकार नोंदवला गेला आहे. इथे बाळंतपणाची भीती वजन वाढूच देत नाही. लंडनच्या आढाव्यातली बाई वजनामुळे घाबरते, आणि इथली बाई घाबरून वजन धरून ठेवते. दवाखाना दूर, रात्री गाडी मिळेल याची खात्री नाही, अशा ठिकाणी ही भीती अडाणीपणाची म्हणून उडवून लावता येत नाही. अडलेलं बाळंतपण म्हणजे काय हे त्या घरांना ठाऊक असतं.

आपल्याकडचं दुहेरी चित्र

या विषयावरचे बहुतेक अभ्यास श्रीमंत देशांतले आहेत, जिथे ‘वजनाचा प्रश्न’ म्हणजे लठ्ठपणा. आपल्याकडे तसं म्हणून चालत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 20.8 टक्के स्त्रियांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) 18.5 पेक्षा कमी होता आणि 23.4 टक्के स्त्रियांचा 25 किंवा त्याहून जास्त. पाचांतली एक बारीक, चारांतली जवळपास एक जाड, एकाच राज्यात आणि कधी एकाच घरातही. गोव्यात जास्त वजनाचं प्रमाण 36.1 टक्के होतं.

जास्त वजन कशाला म्हणायचं हेही आपल्याकडे वेगळं. 150 सेंटिमीटर उंचीची, 54 किलो वजनाची बाई घ्या. तिचा बीएमआय 24. आंतरराष्ट्रीय मापाने ती सामान्य, तर 2009 मध्ये भारतीय तज्ज्ञांनी ठरवलेल्या मापाने, जिथे 23 पासून जास्त वजन आणि 25 पासून लठ्ठपणा धरतात, ती जास्त वजनाची. एकच बाई दोन दवाखान्यांत दोन वेगळी वाक्यं ऐकून घरी येते. वेगळं माप लावण्यामागे कारण आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांत केलेल्या अभ्यासात तिथली बाळं सरासरी 2.7 किलोची होती, तर इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची 3.5 किलोची. तरीही पुण्याच्या बाळांनी चरबी त्या मानाने टिकवून ठेवली होती, कमी होती ती स्नायूंची आणि अवयवांची वाढ. बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरातही चरबीचा धोका असतो, तो असा. हे शास्त्र भक्कम आहे. पण ते गरोदर बाईपर्यंत पोचतं तेव्हा ‘तुमचं वजन जास्त आहे’ एवढंच वाक्य उरतं आणि त्याचा अर्थ सांगायचा राहून जातो.

मनाच्या बाजूचा महत्त्वाचा भारतीय अभ्यास गोव्यातला आहे. विक्रम पटेल, मर्लिन रॉड्रिग्ज आणि नंदिता डिसूझा यांनी 2002 मध्ये 270 आयांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांपैकी 23 टक्क्यांना बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी नैराश्य होतं, आणि त्यांतल्या 78 टक्के जणींना गरोदरपणातच लक्षणीय मानसिक त्रास होता. म्हणजे विचारलं असतं तर आधीच कळलं असतं. धोका वाढवणाऱ्या गोष्टींत गरिबी, नवऱ्याकडून होणारी मारहाण आणि आधीची मुलगी असताना पुन्हा मुलगी होणं यांचा समावेश होता. पुढच्याच वर्षी याच गटाने दाखवलं की नैराश्य असलेल्या आयांची बाळं सहाव्या महिन्यात कमी वजनाची असण्याचं प्रमाण बरंच जास्त होतं. वजन आणि मन यांचं नातं इथे पुढच्या पिढीत जाऊन दिसतं.

उपायांनी काय दाखवलं

वजन आवरलं की चिंता आपोआप कमी होईल, असा अंदाज होता. तो फारसा टिकला नाही. ऑस्ट्रेलियातल्या ‘लिमिट’ या 2,212 स्त्रियांच्या प्रयोगात आहार-व्यायामाच्या सल्ल्याने चिंता किंवा नैराश्यात फरक पडला नाही.

बेल्जियमचा तो 205 स्त्रियांचा, 2013 मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग मात्र बारकाईने पाहण्यासारखा आहे. लठ्ठ गरोदर स्त्रियांचे तीन गट केले होते. एका गटाला नेहमीची तपासणी, दुसऱ्याला माहितीपुस्तिका, तिसऱ्याला सुईणीसोबत गटात बसून बोलणं, अडचणी ऐकून घेणं आणि छोटी छोटी ध्येयं ठरवणं. नेहमीच्या गटात गरोदरपणात सरासरी 13.5 किलो वजन वाढलं, पुस्तिकेच्या गटात 9.5 आणि संवादाच्या गटात 10.6. वजनाच्या बाबतीत पुस्तिका पुरेशी ठरली. चिंता मात्र फक्त संवादाच्या गटात कमी झाली. नेहमीच्या गटात ती वाढली आणि पुस्तिकेच्या गटात फरक दिसला नाही. वजन आटोक्यात येणं आणि मन हलकं होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचित मिळतो.

वारंवार वजन करण्याबद्दलही वाद आहे. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने 2010 मध्ये सांगितलं की पहिल्या भेटीत उंची-वजन घ्या, पुढे उपचारात त्याने फरक पडणार असेल किंवा पोषणाची काळजी असेल तरच पुन्हा घ्या. मेलबर्नमध्ये 782 स्त्रियांवर झालेल्या प्रयोगात प्रत्येक भेटीला वजन केल्याने जादा वाढ कमी झाली नाही, आणि बहुतेक स्त्रियांना वजन करून घेण्यात काही वावगंही वाटलं नाही. आपल्याकडे पोषणाची काळजी खरी आहे, त्यामुळे काटा बाजूला ठेवा असं म्हणता येणार नाही. तो रांगेसमोर ठेवायचा की पडद्याआड, हे मात्र ठरवता येतं.

थेट चिंतेवरच काम केलं तर फरक मोठा पडतो, हे पाकिस्तानातल्या रावळपिंडीच्या प्रयोगाने दाखवलं. 1,200 गरोदर स्त्रियांपैकी निम्म्यांना मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या तरुणींनी विचारांची दिशा बदलण्याची सत्रं दिली. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी मध्यम ते तीव्र चिंता त्या गटात 9 टक्के होती, तर नेहमीच्या तपासणीच्या गटात 27 टक्के. गोव्यातही वस्तीतल्याच बायकांना शिकवून नैराश्य असलेल्या 280 गरोदर स्त्रियांसाठी असं काम केलं गेलं. तिथे फायदा माफक होता, पण विशेष पदवी नसलेली शेजारीण हे काम करू शकते हे दिसलं.

मग दवाखान्यात काय व्हावं

या सगळ्यातून निघणारी पहिली गोष्ट म्हणजे चिंतेची विचारणा प्रत्येकीला व्हावी, वजन पाहून निवडलेल्यांना नव्हे. ‘गेल्या पंधरा दिवसांत सारखं अस्वस्थ वाटतं का?’ आणि ‘काळजी करणं थांबवता येत नाही असं होतं का?’ हे दोन प्रश्न आशाताई किंवा एएनएम एका मिनिटात विचारू शकते. उत्तर ‘हो’ आलं तर पुढे पाठवायला जागा हवी. तालुक्याला मानसोपचारतज्ज्ञ नसेल तर 2022 पासून सुरू असलेली टेलि-मानस ही सरकारी सेवा 14416 या क्रमांकावर आहे.

दुसरी, आकड्यासोबत अर्थ आणि पुढची पायरी सांगावी. सामान्य बीएमआय असलेल्या बाईचं वजन एकूण साडेअकरा ते सोळा किलो, लठ्ठ बाईचं पाच ते नऊ किलो वाढावं, असं अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीचं 2009 सालचं माप जगभर वापरलं जातं. नुसतं ‘वजन फार वाढलंय’ म्हटलं की बाई घाबरते. ‘यापुढे महिन्याला साधारण इतकं वाढू द्या, त्यासाठी हे करा’ म्हटलं तर तिच्या हातात काही तरी येतं. बारीक बाईलाही ‘खा’ एवढं सांगून भागत नाही. ती का खात नाही, घरात शेवटी जेवते म्हणून, मळमळीमुळे, की बाळ मोठं होईल या भीतीने, हे विचारल्याशिवाय सल्ला वाया जातो.

तिसरी गोष्ट घरच्यांची. सासू, आई, नवरा यांच्या तोंडी वजनाचा विषय रोज असतो, ‘दोन जिवांची आहेस, खा’ आणि ‘किती फुगलीस’ हे दोन्ही एकाच आठवड्यात ऐकू येतं. तपासणीला सोबत आलेल्या माणसाला बाहेर बाकावर बसवण्याऐवजी आत बोलावून हेच सगळं समजावलं, तर ते बोलणं कमी होतं. काट्यावरचा आकडा डॉक्टरांना उपचार ठरवायला उपयोगी आहे आणि तो घेतलाच पाहिजे. मनाचा अंदाज मात्र त्यावरून बांधू नये, त्यासाठी तिलाच विचारावं आणि ती सांगेल ते ऐकून घ्यावं.